मुंबई टांकसाळीचे डॉलर : ओळख व मूल्यमापनाच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

दापोलीजवळच्या एका कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेला पत्र्याचा डबा आज माझ्या स्वाधीन केला. त्यात ३२ नाणी आहेत आणि घरात त्या सगळ्यांना सरसकट ‘डॉलर’ म्हणतात. या घरातल्या दोन पिढ्यांतील पुरुष बोटीवर खलाशी होते आणि हाँगकाँग व सिंगापूर ही त्यांच्या नेहमीच्या फेऱ्यांतली बंदरे होती, त्यामुळे चांदीचे डॉलर कोकणात कसे पोचले हे वेगळे शोधावे लागत नाही. आता तीन भावंडांत वाटणी व्हायची आहे आणि ती कुरबुर न होता व्हावी म्हणून प्रत्येक नाण्याची ओळख व किंमत लेखी हवी, अशी थोरल्या ताईंची अपेक्षा आहे. मधले भाऊ पुण्यात असतात, धाकटी बहीण न्यू जर्सीत.

नुसत्या डोळ्यांनी केलेली पहिली विभागणी अशी झाली : १९ ब्रिटिश डॉलर (पूर्वेकडच्या व्यापारासाठी मुख्यतः मुंबईत पाडलेले), ४ स्ट्रेट्स सेटलमेंट्स या सिंगापूर-पेनांग-मलाक्काच्या ब्रिटिश वसाहतीचे डॉलर, ४ मेक्सिकन, २ अमेरिकी ट्रेड डॉलर (पूर्वेकडच्या व्यापारासाठीच पाडलेले), एक जपानी येन आणि पुतण्याने अलीकडे अमेरिकेहून आणून डब्यात टाकलेली दोन नाणी. किमतीचा रकाना आज कोरा ठेवला आहे. भाऊंनी मोबाइलवर एका विक्रेत्याची जाहिरात दाखवली, तीत १९३५ सालच्या ब्रिटिश डॉलरसाठी काही लाख रुपये मागितले होते आणि त्याच सालाचे एक नाणे आपल्या डब्यातही आहे. विक्रेत्याने मागितलेला आकडा या कामात पुरावा म्हणून धरायचा नाही, हे मी त्यांच्यासमोरच वहीत लिहून ठेवले.

१२ जानेवारी २०२५

वजने घेतली. काटा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा आहे, त्याची खात्री प्रमाणित वजनाने आधी करून घेतली. या जातीच्या नाण्यांत वजनाइतका खरा साक्षीदार दुसरा नाही, कारण ही नाणी पूर्व आशियात चांदी म्हणूनच तोलून घेतली जात आणि त्यामुळे टांकसाळी वजनाबाबत फारच काटेकोर असत. ब्रिटिश डॉलर ४१६ ग्रेनचा, म्हणजे २६.९५ ग्रॅमचा, आणि त्यात हजारात ९०० भाग चांदी. शुद्ध चांदी सुमारे २४.२६ ग्रॅम. अमेरिकी ट्रेड डॉलर ४२० ग्रेनचा, २७.२२ ग्रॅम, कस तोच. मेक्सिकन डॉलर, म्हणजे आठ रेआलचे नाणे, २७.०७ ग्रॅम, कस किंचित जास्त. १९०३ चा स्ट्रेट्स डॉलर ब्रिटिश डॉलरच्याच वजनाचा, पण १९०७ चा फक्त २०.२१ ग्रॅमचा.

हाताळून झिजलेले खरे नाणे या आकड्यांपेक्षा दोन-तीन दशांश ग्रॅमनी कमी भरते. त्याहून जास्त तूट आली की मी थांबतो. १८९९ सालाचा एक ब्रिटिश डॉलर २०.३ ग्रॅम भरला आणि लोहचुंबकाला चिकटला. १९०२ सालाचा एक २३.४ ग्रॅम भरला. चुंबकाला चिकटला नाही, पण साडेतीन ग्रॅम चांदी झिजून गेलेल्या नाण्यावर ब्रिटानियाच्या (ब्रिटनचे प्रतीक असलेल्या स्त्रीमूर्तीच्या) शिरस्त्राणाच्या रेघा इतक्या ठळक राहूच शकत नाहीत. एका अमेरिकी ट्रेड डॉलरला तर काट्यापर्यंत न्यायचीही गरज नव्हती : त्यावर १८७२ साल आहे, आणि हा प्रकार पाडण्याचा कायदाच मुळी १८७३ चा आहे. अशक्य साले टाकलेले हे बनावट ट्रेड डॉलर बाजारात इतके आहेत की नवशिक्याने पहिल्यांदा तेच पाठ करावे. तिन्ही नाणी ‘बनावट’ लिहिलेल्या पाकिटात गेली.

१९३५ चा डॉलर २६.९१ ग्रॅम भरला. भाऊंचा तासाभरात दोनदा फोन आला.

१८ जानेवारी २०२५

वजन जुळले म्हणजे धातू जुळला असे नव्हे, म्हणून आज विशिष्ट गुरुत्व, म्हणजे धातू पाण्याच्या किती पट जड आहे ते, काढले. रीत घरगुती आहे. काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला वा बाजूला टेकणार नाही असे धरायचे आणि काटा जो आकडा दाखवील त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागायचे. ९०० कसाच्या चांदी-तांब्याच्या मिश्रणाचे उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवे. दोऱ्याला वा नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा उत्तर बिघडवतो, एवढे एकच पथ्य.

१८९८ च्या एका डॉलरचे कोरडे वजन २६.८८ ग्रॅम, पाण्यातला आकडा २.६० ग्रॅम, उत्तर १०.३४. बाकीचे खरे वाटणारे ब्रिटिश डॉलरही याच टापूत आले. १९३५ च्या नाण्याचा पाण्यातला आकडा ३.०३ ग्रॅम आला आणि उत्तर ८.८८ निघाले, जे तांबे आणि निकेल यांच्या मिश्रणाच्या घरातले आहे. हलका धातू वापरून वजन पूर्ण करायचे तर नाणे जाड करावेच लागते. तसे ते आहेही. १९३० च्या डॉलरशेजारी सपाट काचेवर उभे धरले तर फरक नजरेला दिसतो.

भाऊ संध्याकाळी आले होते. “अहो, पण वजन तर तंतोतंत आहे ना?” हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. ज्याने हे बनवले त्यालाही ग्राहक आधी वजनच करणार हे ठाऊक होते. त्यांच्यासमोर पाण्याची चाचणी पुन्हा करून दाखवली, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग हे नाणे वाटणीतून वगळून आठवण म्हणून ठेवण्याची त्यांनी परवानगी मागितली. ती देणारा मी नव्हे. ताईंना विचारायला सांगितले.

१९ जानेवारी २०२५

उरलेले १६ ब्रिटिश डॉलर वाचायला घेतले. दर्शनी बाजूवर समुद्रकिनारी उभी असलेली ब्रिटानिया, हातात त्रिशूळ आणि ढाल, मागे शिडाचे जहाज, भोवती इंग्रजीत ‘वन डॉलर’ आणि खाली साल. मागच्या बाजूवर नक्षीच्या चौकटीत मधोमध दीर्घायुष्याचे चिनी चिन्ह आणि भोवती चिनी व जावी (मलाय भाषेसाठी वापरली जाणारी अरबी वळणाची) लिपींत मूल्य. कोणत्याही राजाराणीचे चित्र नाही, कोणत्याही वसाहतीचे नाव नाही. व्यापारी नाण्याला ते नकोच होते. ही रचना जॉर्ज विल्यम डी सॉल्स यांची.

ताईंनी विचारले होते की हाँगकाँगचे नाणे मुंबईत कशाला पाडायचे. त्याचे उत्तर नोंदीत असायला हवे, कारण बहुतेक नाण्यांची ओळख त्यावरच उभी आहे. हाँगकाँगने १८६६ मध्ये स्वतःची टांकसाळ काढली होती, पण ती दोन वर्षांत बंद पडली आणि तिची यंत्रे जपानने विकत घेऊन ओसाकाच्या टांकसाळीत लावली. त्यानंतरही त्या बाजारपेठांत मेक्सिकन डॉलरच चालत राहिला आणि त्याचा पुरवठा व्यापाऱ्यांच्या हातात नव्हता. इकडे जून १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने खासगी लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले, त्यामुळे मुंबईच्या टांकसाळीची मोठी क्षमता रिकामी झाली. फेब्रुवारी १८९५ च्या शाही आदेशाने ब्रिटिश डॉलर मंजूर झाला आणि त्याच वर्षी मुंबईत त्याची पाडणी सुरू झाली. पुढची ४० वर्षे, मधले खंड सोडले तर, हे नाणे मुख्यतः फोर्टमधल्याच टांकसाळीतून बाहेर पडले. म्हणजे आमचे खलाशी ज्या नाण्यांत पगार वा बक्षीस घेऊन परतले, ती बहुधा त्यांच्याच बंदरातून तिकडे गेलेली होती.

मुंबईची खूण म्हणजे त्रिशूळाच्या मधल्या पात्यावर असलेले ‘बी’ हे इवलेसे अक्षर. ते शोधायला दहापट भिंग लागते आणि झिजलेल्या नाण्यावर त्याची नुसती फुगवटी उरते. सोळापैकी १४ नाण्यांवर ते आहे : १८९७, १८९८ ची दोन, १८९९ ची दोन, १९००, १९०१ ची दोन, १९०२, १९०८, १९११ ची दोन, १९२९ आणि १९३०. राहिलेल्या दोनांकडे उद्या नव्हे, पुढच्या आठवड्यात, दिवसाच्या उजेडात पाहतो.

२५ जानेवारी २०२५

दोन्ही सुटली, आणि डब्यातले सर्वांत महत्त्वाचे नाणे इथे सापडले.

पहिले १९३० सालाचे. त्रिशूळावर अक्षर नाही, पण झिजूनही गेलेले नाही. ते पाते गुळगुळीत आणि पूर्ण आहे. १९२५ आणि १९३० या दोन वर्षी लंडनच्या शाही टांकसाळीने बिनखुणेचे ब्रिटिश डॉलर पाडले, त्यांतले हे एक. संख्या भरपूर असल्यामुळे किंमत मुंबईच्या भावंडापेक्षा फार वेगळी नाही.

दुसरे १९०१ सालाचे. घरच्यांनी आणि त्याआधी कधीतरी एका सराफाने ‘खूण पुसट’ म्हणून ते बाजूला टाकले होते. खूण पुसट नाही, ती दुसरीकडे आहे : ब्रिटानियाचा डावा पाय आणि ढालीचा तळ यांच्या मधल्या जमिनीवर ‘सी’ हे अक्षर आहे. हे कलकत्त्याचे नाणे. मुंबईला मागणी झेपेना तेव्हा १९०० ते १९०२ या तीन वर्षांत कलकत्त्यानेही डॉलर पाडले. १९०१ मध्ये सुमारे १५ लाख, तर त्याच वर्षी मुंबईने अडीच कोटींहून अधिक. ‘सी’ नंतर कोरून काढलेला असेल का, हे पाहण्यासाठी त्याच्या बुडाशी तिरपा प्रकाश टाकला. अक्षराच्या कडा पृष्ठभागातून सलग उठलेल्या आहेत, भोवती खरवडल्याचा खळगा नाही, आणि अक्षराची झीज शेजारच्या भागाच्या झिजेइतकीच आहे. मला शंका राहिलेली नाही.

१९०८ च्या नाण्यावर जुन्या आकड्यावर नवा आकडा मारलेला आहे का, हेही तपासले, कारण ३ वर ८ आणि ७ वर ८ असे दोन्ही प्रकार ज्ञात आहेत आणि त्यांना जास्त भाव येतो. ८ च्या पोटात काही नाही. साधे नाणे.

२६ जानेवारी २०२५

स्ट्रेट्स सेटलमेंट्सचे चार डॉलर. दर्शनी बाजूला सातवा एडवर्ड, मागची नक्षी ब्रिटिश डॉलरची नातलग, म्हणून घरात ती एकाच पिशवीत होती. दोन १९०३ ची मोठी, दोन १९०७ ची लहान. या वसाहतीने १९०३ मध्ये स्वतःचा डॉलर काढला आणि पुढे ब्रिटिश व मेक्सिकन डॉलर चलनातून बाद केले. नवे नाणे मुंबईतच पडले आणि वजन-कस सारखेच असल्यामुळे जुने ब्रिटिश डॉलर आटवून ते करणे सोयीचे होते. १९०६ मध्ये या डॉलरची सोन्यातली किंमत दोन शिलिंग चार पेन्स अशी पक्की झाली, पण चांदी महागतच गेली, आणि नाणे आटवून विकणे फायद्याचे होऊ नये म्हणून १९०७ मध्ये वजन उतरवावे लागले. लहान नाण्यात शुद्ध चांदी १८.१९ ग्रॅमच आहे. वाटणीत ‘एक डॉलर बरोबर एक डॉलर’ असा हिशेब धरला असता तर ही दोन नाणी ज्याच्याकडे जातील त्याचे नुकसान झाले असते.

१ फेब्रुवारी २०२५

मेक्सिकन चारपैकी तीन नाणी आठ रेआलची, किरणांनी वेढलेल्या स्वातंत्र्याच्या टोपीची. त्यांच्यावर कस छापलेलाच असतो : १० दिनेरो २० ग्रानो. शुद्ध चांदी १२ दिनेरो आणि एक दिनेरो २४ ग्रानोंचा, तेव्हा हिशेब हजारात ९०२.७ भाग येतो. चौथे १८९८ सालचे एक पेसोचे, आणि त्याच्यावर माझा बराच वेळ गेला. या सालाचे नाणे १९४९ मध्ये चीनसाठी जुन्याच सालासह पुन्हा पाडले गेले, आणि दोन्हींतला फरक मागच्या बाजूच्या काठालगतच्या मण्यांच्या संख्येत आहे : मूळ नाण्यावर १३९, पुनर्मुद्रितावर १३४. भिंगाखाली सुईच्या टोकाने मोजताना नजर घसरते, म्हणून छायाचित्र मोठे करून दहादहाच्या गटांनी खुणा केल्या. १३४ आले. नाण्यावर १८९८ असले तरी ते १९४९ चे आहे आणि नोंदवहीत तसेच लिहिले.

खरा अमेरिकी ट्रेड डॉलर १८७७ चा, गरुडाखाली सॅन फ्रान्सिस्कोचे ‘एस’, वजन २७.०९ ग्रॅम, पाण्याची चाचणी उत्तीर्ण. मागच्या बाजूवर ‘४२० ग्रेन्स, ९०० फाइन’ असे सरळ लिहिलेले असते. या सालची पाडणी त्या मालिकेत सर्वाधिक होती. दोन्ही बाजूंवर चिनी सराफांचे (चांदी पारखून घेतल्याची खूण म्हणून मारलेले) मिळून सात शिक्के आहेत. १८८७ मध्ये अमेरिकी सरकारने ही नाणी सहा महिने परत घेतली, पण शिक्के मारलेली वा विद्रूप झालेली घेतली नाहीत. असले नाणे पूर्वेकडेच फिरत राहणार हे ठरलेलेच होते.

जपानी येनवर मागच्या बाजूला ‘चांदी’ या अर्थाचा एक वर्तुळाकार शिक्का आहे. जपान १८९७ मध्ये सुवर्णचलनावर गेल्यावर परत घेतलेल्या चांदीच्या येनांवर असा शिक्का मारून ते तैवानसारख्या प्रदेशांत पुन्हा चालवले गेले. हा अधिकृत शिक्का आहे आणि तो दोष मानायचा नाही, असे वहीत ठळक लिहिले, कारण सराफांच्या शिक्क्यांशी त्याची गल्लत सहज होते.

२ फेब्रुवारी २०२५

पुतण्याची दोन नाणी. १९७२ चा आयझेनहॉवर डॉलर २२.६८ ग्रॅमचा, तांबे-निकेलचा. चांदी शून्य, किंमत एक डॉलर. १९२१ चा मॉर्गन डॉलर चांदीचा आहे, पण त्याच्या हाराखाली टांकसाळीचे अक्षर नाही, म्हणजे तो फिलाडेल्फियाचा, आणि त्या वर्षी तिथे साडेचार कोटींच्या जवळपास पाडले गेले. चांदीच्या भावापेक्षा थोडे जास्त, एवढेच.

८ फेब्रुवारी २०२५

आज नाण्यांची स्थिती, म्हणजे झीज आणि पृष्ठभाग, तपासली. हे काम सर्वांत कंटाळवाणे आणि पैशाच्या दृष्टीने सर्वांत जड आहे, कारण याच टप्प्यावर एकाच सालाच्या दोन नाण्यांची किंमत दुप्पट-तिप्पट वेगळी होते.

ब्रिटिश डॉलरवर झीज आधी ब्रिटानियाच्या छातीवर, मांडीवर आणि शिरस्त्राणावर दिसते. खरी न हाताळलेली नाणी दिव्याखाली तिरपी फिरवली की प्रकाशाची पट्टी पृष्ठभागावरून त्यांच्याबरोबर फिरते. ही झळाळी ठशांच्या दाबाखाली धातू सरकताना पडलेल्या सूक्ष्म रेघांची असते आणि एकदा घासली की कुठल्याही उपायाने परत येत नाही. १९११ च्या एका डॉलरवर ती जवळजवळ पूर्ण आहे. त्याच सालाचे दुसरे नाणे त्याहून चकचकीत दिसते, पण भिंगाखाली एकाच दिशेच्या शेकडो बारीक ओरखड्यांनी भरलेले आहे. कधीतरी दिवाळीच्या आधी चिंच आणि रांगोळीने सहा नाणी घासली गेल्याचे ताईंनीच सांगितले. ती सहाही ओळखू आली. पुण्याच्या भाऊंना चकचकीत नाणे उंची वाटत होते आणि काळपट निळसर थर बसलेले १८९७ चे नाणे भिकार. जाणकार ग्राहक पैसे नेमके उलट मोजेल. तो थर काढू नका, असे पाकिटावर तांबड्या शाईने लिहिले.

सराफांचे शिक्के असलेली नाणी सर्वसाधारण ग्राहक कमी भावात मागतो, मात्र फक्त असल्याच नाण्यांचा संग्रह करणारे लोकही आहेत. एका आठ रेआलवर इतके शिक्के आहेत की नाणे वाटीसारखे खोलगट झाले आहे. त्याला मी चांदीचाच भाव धरला, जरी मला स्वतःला संपूर्ण डब्यात ते सर्वांत आवडले.

१५ फेब्रुवारी २०२५

आज किमती. भाऊंनी इंटरनेटवरून प्रत्येक सालाच्या पाडणीचे आकडे उतरवून आणले आणि जितकी पाडणी कमी तितकी किंमत जास्त असा तक्ता केला. तक्ता नीटस आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. १९३५ मध्ये मुंबईने ६८ लाखांहून अधिक ब्रिटिश डॉलर पाडले, पण त्याच वर्षाच्या अखेरीस चीनने आणि पाठोपाठ हाँगकाँगने चांदीचे चलन सोडले. बहुतेक नाणी आटवली गेली आणि आज ते साल दुर्मिळ आहे. कलकत्त्याचे १९०० चे डॉलर जेमतेम ३ लाख ६३ हजार, म्हणजे १९३५ च्या सुमारे एकोणिसाव्या हिश्श्याइतके, तरीही ते १९३५ पेक्षा सहज मिळते. १९२१ ची पाडणी ५०,२११ होती, पण ती चलनात आलीच नाहीत म्हणून बोटांवर मोजण्याइतकीच ठाऊक आहेत. अमेरिकेत तर १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७,०२,३२,७२२ चांदीचे डॉलर आटवले गेले आणि कोणत्या सालाची किती गेली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. किती पाडली हे टांकसाळीच्या वहीत मिळते. किती उरली हे लिलावांत एखादे साल किती वेळा विक्रीला येते त्यावरूनच कळते. बनावटकारही तीच यादी वाचतात, आणि १९३५ चे बनावट नाणे आपल्या डब्यात असण्याचे कारण तेच.

म्हणून मी तीन आकडे लिहिले : चांदीचे मूल्य, आज विकायला गेलो तर व्यापारी देईल ती किंमत, आणि तसेच नाणे विकत घ्यायचे तर पडेल ती किंमत. वाटणी मधल्या आकड्यावर करावी, असे सुचवले. चांदीच्या मूल्यासाठी हिशेब सोपा राहावा म्हणून किलोला एक लाख रुपये भाव धरला. त्या भावाने पूर्ण वजनाचा ब्रिटिश डॉलर २,४२६ रुपयांचा आणि लहान स्ट्रेट्स डॉलर १,८१९ रुपयांचा होतो. वाटणीच्या दिवशीच्या भावाने हा रकाना बदलायचा आहे. घासलेली सहा नाणी आणि खोलगट आठ रेआल याच आकड्यावर थांबतात. नेहमीच्या सालांचे न घासलेले ब्रिटिश डॉलर त्याहून वर जातात, झळाळीचे १९११ चे आणखी वर, आणि कलकत्त्याचे १९०१ चे स्वच्छ अंतराने सर्वांच्या वर.

२२ फेब्रुवारी २०२५

धाकट्या बहिणीचा वाटा न्यू जर्सीला पाठवायचा कसा, हा प्रश्न आज सोडवला. पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ प्रमाणे किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेले नाणे ही पुरावस्तू ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता वा पाठवता येत नाही. त्यामुळे १९११ चे वा कलकत्त्याचे नाणे तिच्या नावावर टाकण्यात अर्थ नाही. १९२९ चा एक आणि १९३० चे दोन अशा तीन डॉलरना मात्र अजून शंभर वर्षे झालेली नाहीत, आणि चौथे १८९८ सालाचे पेसो, जे खरे तर १९४९ चे आहे. ही चार नाणी तिच्या वाट्याला, आणि मूल्यात राहिलेला फरक दोघे भावंडे रोखीने पुरा करणार. ताईंकडे कलकत्त्याचे, भाऊंकडे झळाळीचे १९११ आणि ट्रेड डॉलर. चार बनावट नाणी हिशेबाबाहेर; त्यांतले १९३५ चे भाऊंनी ठेवून घ्यायला ताईंनी होकार दिला, मात्र पाकिटावर ‘बनावट’ ही अक्षरे कायम राहतील या अटीवर.

चारही नाणी पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेण्यासाठी अर्ज तयार केला आहे. पेसोवरचे साल पाहून तपासनीस अडवणारच, म्हणून त्याच्या मागच्या बाजूचे, १३४ मणी दहादहाच्या गटांत मोजून दाखवणारे मोठे छायाचित्र अर्जासोबत वेगळे जोडले आहे.